दिवसभर पिंग, संध्याकाळी अमेरिकेचा कॉल: सलग दोन तास कुठून काढायचे?

खानापूरकर
नमस्कार मंडळी. काम घरून, टीम पुण्यात, क्लायंट न्यूयॉर्कला. १० ला स्टँडअप (टीमची रोजची छोटी बैठक), १२ आणि ३ ला मीटिंग, मधे चॅटवर सारखे पिंग: "जरा पीआर बघतोस का?" (पीआर म्हणजे रिव्ह्यूला, तपासायला पाठवलेला कोड). २५ मिनिटांचा टायमर लावला तर डीबगिंगचा धागा हाताला लागेपर्यंत घंटा वाजते. चॅट बंद ठेवलं तर टीम अडते. त्यात पावसाळ्यात लाईट जाते ती वेगळीच. काय करावं?

शहापूर गल्ली
डीबगिंगला २५ मिनिटं कमीच. ९० धरा.

बग शोधताना चार-पाच गोष्टी डोक्यात एकदम धरलेल्या असतात: कोणती रिक्वेस्ट, कुठली व्हॅल्यू चुकली, काय तपासून बाद केलं. पिंग मिनिटभराचा असतो, पण तेवढ्यात ही सगळी मांडणी विस्कटते आणि बाद केलेली शक्यता माणूस पुन्हा तपासत बसतो. म्हणून साध्या फाईलमध्ये दर तपासणीला एक ओळ लिहा: अंदाज, काय केलं, काय दिसलं. उठताना शेवटची ओळ "पुढचं पाऊल". त्याहून चांगलं म्हणजे बग पकडणारी नापास टेस्ट तशीच ठेवून उठायचं. परत आलात की ती चालवायची, धागा तिथंच सापडतो.

मधेच हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) आला तर गिट स्टॅशच्या, म्हणजे अर्धवट बदल बाजूला ठेवणाऱ्या गिटच्या कमांडच्या, नादी लागू नका. नव्या, अजून गिटमध्ये ॲड न केलेल्या फाईली साधा स्टॅश उचलत नाही, त्याला हायफन यू (-u) लावावा लागतो, आणि घाईत नेमका तोच राहतो. गिट वर्कट्रीनं शेजारच्या फोल्डरात मेनवरून (मुख्य ब्रांचवरून) कोडची नवी ब्रांच काढा, चालू काम जागेवर राहतं. मात्र गिटबाहेरची एन्व्ह फाईल (सेटिंग्जची) आणि नोड मॉड्यूल्स (लायब्रऱ्यांचं फोल्डर) तिथं आपोआप येत नाहीत. ती तयारी निवांत असताना एकदा करून ठेवा.

निपाणी नाका
वरचं पटलं, पण मूळ अडचण कॅलेंडरची आहे. १२ ची मीटिंग स्टँडअपला जोडून १०:१५ ला मागा. ती अर्ध्या तासाची असेल तर १०:४५ ते १ मोकळे. टीमला "मला फोकस टाईम हवा" असं सांगू नका, "रिव्ह्यू २ आणि ५ वाजता होतील" असं सांगा. वेळ ठाऊक असली की लोक थांबतात, नसली की दर दहा मिनिटांनी विचारतात. प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू सिस्टीम) पडलं किंवा कुणाचा रिलीज अडला तर थेट फोन. अँड्रॉइडच्या डू नॉट डिस्टर्बमध्ये 'रिपीट कॉलर्स' चालू ठेवा, १५ मिनिटांत त्याच माणसाचा दुसरा फोन आला की वाजतो. एवढी वाट उघडी असेल तर चॅट बिनधास्त मिटा.

क्लायंटचं निमंत्रण न्यूयॉर्कच्या टाईमझोनमध्येच हवं. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथले सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे ६:३०, एरवी ७:३०. कॉल आपोआप सरकेल, पण तुमचे स्वतःचे ब्लॉक सरकणार नाहीत. ते हातानं हलवा. आणि तुम्ही कर्नाटकात असाल तर, पुण्याच्या सुट्ट्यांच्या यादीत १ नोव्हेंबरचा कर्नाटक राज्योत्सव नसतो. रजा घेणार असाल तर आधी टाका.

खानापूरकर
१०:१५ चं आजच विचारतो. लाईटचं काय? लॅपटॉप चालतो, नेट जातं.

शहापूर गल्ली
फायबरची पेटी आणि राऊटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप हवा. लोक फक्त राऊटरला देतात, मग वायफाय दिसतं पण नेट नसतं. दोन्ही ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण तपासल्याशिवाय जोडू नका, पिनची पोलॅरिटीही बघा. मिनी यूपीएसवरचे १०,००० एमएएच बहुधा ३.७ व्होल्टचे असतात, म्हणजे ३७ वॉट-तास. दोन्ही मिळून १५ वॉट खात असतील तर साधारण दोन तास निघतील. लाईट गेली की मोठे डाउनलोड थांबवा आणि ब्रांच पुश करा (सर्व्हरवर चढवा), कच्ची असली तरी.