मदत हवी आहे: साधा आणि ग्लायकेटेड अल्ब्युमिन, सेन्सरवर दोघांचं रीडिंग जवळपास एकच

रातांबा_रत्नागिरी

एमएस्सी बायोकेमिस्ट्री, शेवटचं सेमिस्टर. प्रकल्पाचे दोन भाग: रातांब्याच्या (कोकमाच्या) सालीचा अर्क अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाचं ग्लायकेशन (त्यावर साखर चढणं) रोखतो का ते पाहणं, आणि ग्लायकेटेड अल्ब्युमिन ओळखणारा बोरॉनिक आम्लाचा (हे साखरेला धरतं) सेन्सर. दोन्हीकडे घोडं अडलंय.

नमुना: बीएसए (गायीचं अल्ब्युमिन) १० मिग्रॅ प्रति मिली, फ्रुक्टोज ०.५ मोलर, फॉस्फेट बफर ५० मिलिमोलर पीएच ७.४, सोडियम ॲझाइड ०.०२ टक्के, ३७ अंशाला २८ दिवस. ग्लुकोज फार हळू चढतं म्हणून फ्रुक्टोज घेतलं. कंट्रोलमध्ये साखर नाही, बाकी सगळं तेच. नंतर २ मिली नमुन्याचं २०० मिली बफरमध्ये रात्रभर डायलिसिस (बारीक छिद्रांच्या पिशवीतून साखर बाहेर जाऊ देणं), एकदाच. साखर उरली का ते जीओडी-पीओडी (ग्लुकोज ऑक्सिडेज-पेरॉक्सिडेज) किटने पाहिलं. शून्य आलं.

सेन्सर: कार्बनचा स्क्रीन प्रिंटेड इलेक्ट्रोड, वर कार्बॉक्सिल असलेल्या नॅनोट्यूब, ईडीसी-एनएचएस (जोडणीची रसायनं), मग ३-अमिनोफिनाइल बोरॉनिक आम्ल २ तास. इम्पिडन्स (विद्युतरोध) ५ मिलिमोलर फेरी-फेरोसायनाइडमध्ये, पीएच ७.४. चार्ज ट्रान्सफर रोध नमुन्याआधी १.४ किलोओहम, साध्या बीएसएनंतर ३.९, ग्लायकेटेडनंतर ४.१.

शिवाय अर्क घातलेल्या नळ्यांत फ्लुओरेसन्स (ग्लायकेशनची चमक, ३७०/४४० नॅनोमीटर) धाडकन उतरतो, पण एनबीटीचं (ग्लायकेशनची रंगकसोटी) रीडिंग वाढतं. एक म्हणतं ग्लायकेशन थांबलं, दुसरं म्हणतं वाढलं. खरं कोणाचं?

बफरवाला

सेन्सरकडे नंतर येऊ. आधी ते किटचं शून्य बाजूला ठेवा, ते दोनदा खोटं आहे. ग्लुकोज ऑक्सिडेजला फ्रुक्टोज दिसतच नाही, आणि ॲझाइड पेरॉक्सिडेजला मारतं. म्हणजे ॲझाइड उरलं असेल तर ग्लुकोज असूनही रंग नीट येत नाही.

हिशेब करा: २ मिली नमुना २०० मिलीत म्हणजे साधारण शंभरपट पातळ. ०.५ मोलरचे ५ मिलिमोलर फ्रुक्टोज पिशवीत राहिले. ग्लुकोज असतं तर फार बिघडलं नसतं, कारण फिनाइल बोरॉनिक आम्लाला ग्लुकोज जेमतेम धरतं, पीएच ७.४ ला बंधस्थिरांक ५ प्रति मोलरच्या आसपास. फ्रुक्टोजचा १६० च्या घरात आहे. ५ मिलिमोलर फ्रुक्टोज म्हणजे तुमच्या बोरॉनिक जागांपैकी चाळीसेक टक्के आधीच अडलेल्या. अल्ब्युमिन येऊन बसणार कुठे?

१२ ते १४ किलोडाल्टनची पिशवी, ४ अंशाला, दर वेळी १ लिटर ताजा बफर, दर ८ तासांनी बदल, किमान तीनदा. पहिल्या लिटरनंतर १ मिलिमोलर, दुसऱ्यानंतर २ मायक्रोमोलर. तपासायचं असेल तर डीएनएसने (क्षपणकारी साखरेची रंगकसोटी) बाहेरचा बफर पाहा, त्याला फ्रुक्टोज दिसतं. पण १ मिलिमोलरच्या खाली त्याचा भरवसा नाही, तिथे हिशेबावरच चाला. आणि पहिल्या बाहेरच्या बफरमध्ये ॲझाइड असतं: त्यात आम्ल घालू नका (विषारी वायू निघतो) आणि तांब्या-शिशाच्या पाइपात ओतू नका.

खाडीकाठ

बफरवाल्यांचं बरोबर, पण तेवढ्याने ३.९ आणि ४.१ चं कोडं सुटत नाही. साधा बीएसए १.४ चा रोध ३.९ वर नेतो, यातच उत्तर आहे.

बीएसएचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला एकूण भार शून्य) ४.७ च्या आसपास. पीएच ७.४ ला तो ऋणभारित, फेरीसायनाइडही ऋणभारित. अल्ब्युमिन कसंही चिकटलं, साखर असो वा नसो, तरी तो फेरीसायनाइडला दूर ढकलतो आणि रोध वाढतो. नॅनोट्यूबना प्रथिनं अशी चिकटतात की विचारू नका. म्हणजे तुम्ही मोजताय ते नुसतं चिकटणं.

खात्रीची परीक्षा सॉर्बिटॉल. इलेक्ट्रोडवर नमुना ठेवा, धुवा, रोध घ्या. मग १०० मिलिमोलर सॉर्बिटॉल १५ मिनिटं, पुन्हा धुवा, पुन्हा मोजा. बोरॉनिक आम्लाला सॉर्बिटॉल फ्रुक्टोजहूनही घट्ट धरतं. बोरॉनिकने पकडलेलं सुटेल आणि रोध खाली येईल. आला नाही तर प्रथिन नुसतं चिकटलेलं.

दुसरं, पीएच. फिनाइल बोरॉनिक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं आम्ल रूप बदलतं) ८.८ च्या जवळ. ७.४ ला बहुतेक बोरॉन सपाट, तीन हातांचा राहतो. डायॉल (साखरेतले जवळजवळचे दोन ओएच गट) घट्ट धरणारं चार हातांचं रूप थोडंच. बोरोनेट कॉलमवाले उगाच पीएच ८.५ ला अमोनियम ॲसिटेट २५० मिलिमोलर आणि मॅग्नेशियम क्लोराइड ५० मिलिमोलर वापरत नाहीत. मॅग्नेशियम असल्यावर ऋणभारित अल्ब्युमिन आणि ऋणभारित बोरोनेट एकमेकांना कमी ढकलतात. नमुना त्याच बफरमध्ये चढवा आणि फेरीसायनाइडही त्याच बफरमध्ये बनवून मोजा, मोजताना ७.४ वर आलात तर पकडलेलं सुटायला लागेल. मॅग्नेशियम फॉस्फेटमध्ये घालू नका, साका बसेल. ट्रिसही नको, तो स्वतःच बोरॉनवर बसतो.

आगळ_सोलकढी

अर्काबद्दल. दोन्ही रीडिंग चुकीची असू शकतात, आणि मला तसंच वाटतं.

एनबीटीची कसोटी क्षपणावर चालते. रातांब्याच्या सालीतले पॉलिफिनॉल एनबीटीला थेट क्षपित करतात, प्रथिनावर साखर चढलेली असो वा नसो. प्रत्येक अर्कमात्रेसाठी "अर्क अधिक बफर, बीएसए नाही" अशी नळी तितकेच दिवस ठेवा आणि तिचं रीडिंग वजा करा. शक्य असेल तर आधी डायलिसिस करून अर्क काढूनच टाका. शिवाय शेवटचं एक रीडिंग घेऊ नका: पीएच १०.३५ च्या कार्बोनेट बफरमध्ये ५३० नॅनोमीटरला दहाव्या आणि पंधराव्या मिनिटाला वाचा आणि फरक घ्या. चपळ क्षपणकारक पहिल्या दहा मिनिटांत उरकतात, फ्रुक्टोसामाइन (साखर चढलेलं प्रथिन) सावकाश येतं. ही पद्धत त्यासाठीच तशी बसवलेली आहे.

फ्लुओरेसन्सचं उलट. अर्काचा रंग ३७० चा प्रकाश आत जाताना आणि ४४० चा बाहेर येताना, दोन्ही वेळा खातो. त्या नळीचं शोषण ३७० आणि ४४० ला मोजा. दोन्ही ०.१ च्या खाली येईपर्यंत पातळ करा, नाहीतर रीडिंगला दहाचा घात (दोन शोषणांची बेरीज भागिले २) याने गुणा. तुमची घट यातच बरीचशी विरेल असं वाटतं.

आणखी एक, जे कोकमवाले नेहमी विसरतात: आम्लता. सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल खच्चून आहे, आणि तुमचा फॉस्फेट फक्त ५० मिलिमोलर. अर्क घातल्यावर पीएच ६ वर घसरला तर ग्लायकेशन तसंही मंदावेल, पॉलिफिनॉलचा काही संबंध नसताना. अर्क आधी ७.४ वर आणा आणि शेवटच्या दिवशी प्रत्येक नळीचा पीएच पुन्हा पाहा. बाजारची आमसुलं घेतली असतील तर त्यांत मीठही असतं, आगळात तर भरपूर. ताजी साल सावलीत वाळवून घ्या. सालीत स्वतःची क्षपणकारी साखर असते, तीही ग्लायकेशन करते. "नैसर्गिक" अर्काने सगळं थांबतं असा निकाल मिळाला की पहिला संशय पीएचवर घ्यायचा.

तुलनेसाठी अमिनोग्वानिडीन ठेवा. पण ते डायकार्बोनिल (ग्लायकेशनच्या मधल्या टप्प्यातली संयुगं) पकडतं, म्हणजे फ्लुओरेसन्स उतरेल आणि एनबीटी फारसं हलणार नाही. हलत नाही म्हणून कसोटी बिघडली असं समजू नका.

रातांबा_रत्नागिरी

सॉर्बिटॉल करून पाहिलं. साधा ३.९ वरून ३.८, ग्लायकेटेड ४.१ वरून ३.९. म्हणजे सगळं नुसतं चिकटलेलं. अर्काच्या नळीचा पीएच ६.३ निघाला. :(

आता विचारायचं हे: रिकाम्या जागा बीएसएने बंद करू का? आणि पावसाळ्यात इथे वीज दिवसातून दोनदा जाते, इन्क्युबेटर २९ वर येतो. २८ दिवसांचा प्रयोग पुन्हा कसा करायचा?

खाडीकाठ

अल्ब्युमिनच्या सेन्सरवर अल्ब्युमिनचा लेप? विकतच्या बीएसएवर थोडी साखर आधीच चढलेली असते (म्हणून तुमचं कंट्रोलही कधी अगदी शून्य येणार नाही). ईडीसीने जागृत झालेल्या पण बोरॉनिक न बसलेल्या जागांवर अमिनो-पीईजी (प्रथिनं चिकटू न देणारी साखळी) बसवा, मग इथेनॉलअमाइनने उरलेल्या बंद करा. धुण्याच्या बफरमध्ये ट्वीन-२० चे ०.०५ टक्के.

जोडणीचे दोन तास कमी आहेत. अमिनोफिनाइलमधला अमाइन ॲरोमॅटिक (बेंझिनच्या कड्याला जोडलेला), म्हणून सुस्त. ४ अंशाला रात्रभर ठेवा. ईडीसी एमईएस बफरमध्ये, पीएच ५.५, वापरायच्या क्षणी विरघळवा. आपल्या हवेत ईडीसीची बाटली हीच मोठी शंका. उणे २० वरून काढली की खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, अर्धा तास तरी, झाकण उघडायचं नाही. थंड बाटली जुलैत उघडली की आतल्या भुकटीवर दव धरतं आणि ती गेली. छोट्या कुप्यांत भागून सिलिका जेलसोबत ठेवा. भुकटी ओलसर, गोळा झालेली दिसली तर फेकाच. चिपच्या चांदीच्या पट्ट्या आणि क्लिपा खाऱ्या हवेत काळ्या-हिरव्या पडतात, मग उच्च वारंवारतेला आलेख उजवीकडे सरकतो आणि माणूस थरात दोष शोधत बसतो. मोजण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

निकाल ओहममध्ये लिहू नका. प्रत्येक चिपचा आधीचा रोध वेगळा, म्हणून वाढ भागिले आधीचा रोध, अशा किमान तीन चिप.

बफरवाला

विजेसाठी: नळ्या थेट कप्प्यात नको. मोठ्या झाकणाच्या डब्यात ३७ अंशाचं पाणी भरा, नळ्या पॅराफिल्म लावून त्यात बुडवा आणि डबा इन्क्युबेटरमध्ये. पाच-सहा लिटर पाणी दोन तासांत फार उतरत नाही. कंट्रोल आणि नमुना एकाच डब्यात. द्रावण सुरुवातीला ०.२२ मायक्रॉनमधून गाळा, नाहीतर ॲझाइड असूनही बुरशीची धास्ती.

पण २८ दिवस हवेतच कशाला? सेन्सरला लागते ती अमाडोरीची पायरी (साखर चढल्यावरचं पहिलं स्थिर उत्पादन), जिच्यावर डायॉल शाबूत असतात. पुढे सीएमएल, पेंटोसिडीन वगैरे शेवटची उत्पादनं झाली की बोरॉनला धरायला डायॉल उरत नाही. महिनाभर ठेवलेला तपकिरी, चमकणारा नमुना फ्लुओरेसन्सला उत्तम, बोरॉनिकला कमजोर. आंबापोळी जास्त उन्हात काळपट पडते तशातला प्रकार. शिवाय फ्रुक्टोजने अमाडोरी नव्हे, हेन्स उत्पादन होतं, आणि रुग्णाच्या रक्तात अल्ब्युमिनवर प्रामुख्याने ग्लुकोजच चढलेलं असतं. सेन्सरसाठी ग्लुकोज ५० मिलिमोलर, ७ आणि १४ दिवस. अर्काच्या फ्लुओरेसन्ससाठी जुनी २८ दिवसांची नळी वेगळी चालवा.

रातांबा_रत्नागिरी

दोन डबे, दोन वेगळ्या साखरा. उद्या बीएसए तोलतो. अर्काचा पीएच सोडाबायकार्बने आणला तर चालेल ना?

आगळ_सोलकढी

नको. फेस येतो, आणि कार्बन डायऑक्साइड निघत राहतो तसा पीएच तासाभराने पुन्हा सरकतो. १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, थेंबाथेंबाने, बर्फावर. ८ च्या वर गेलात तर अँथोसायनिन निळसर होऊन मोडतात. तो अर्क टाकून नवा घ्यायचा.