गोधडीचे फोटो लहान करायचेत, पण टाके दिसायला हवेत

नमस्कार मंडळी, मी सांगलीची. आईच्या जुन्या इरकली लुगड्यांच्या गोधड्या शिवते, त्यांचे फोटो इथं टाकायचेत. मोबाईलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, म्हणजे १२ मेगापिक्सेल. फाईल इतकी जड की अपलोडच होत नाही. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवला की लहान होतो, पण धावदोऱ्याचे टाके पुसट होतात, आणि गोधडीत बघायचं असतं ते टाक्यांतच! लांब बाजू १६०० पिक्सेल आणि जेपीईजीची (म्हणजे फोटोच्या फाईलची) क्वालिटी १०० पैकी ८०च्या आसपास ठेवली तर चालेल का? आधी कडेचं कापून मग लहान करायचा, की उलट? घरी कॉम्प्युटर नाही. फोनवरच चालणारं, फुकट आणि फोटोवर आपलं नाव न छापणारं ॲप कुणी वापरतं का?