भाडेकरू पडताळणीने गर्दी मोजली जात नाही
पोलिसांकडील भाडेकरू पडताळणी कडक केली की कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांतील दाटीचा प्रश्न सुटेल, हे मत मला अपुरे वाटते. त्या अर्जातून कोण राहतो ते कळते, किती जागेत किती जण झोपतात ते नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने त्यानंतर बांधलेल्या कारखान्यांत दर कामगारामागे किमान १४.२ घनमीटर जागा ठरवली. राष्ट्रीय इमारत संहितेतील किमान ९.५ चौरस मीटरची, २.७५ मीटर उंचीची खोली त्या मापाने दोघांनाही पुरत नाही. गोव्यातील वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्यांच्या एखाद्या खोलीत मात्र दिवसपाळीचा उठला की त्याच चटईवर रातपाळीचा आडवा होतो (भाडे अर्थातच दोघांकडून). म्हणून दंड दरडोई भाडे उकळणाऱ्या मालकाला व्हावा, भाडेकरूला रस्त्यावर काढू नये, आणि खोलीत किती जण राहू शकतात ही मर्यादा पंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीतच लिहिली जावी.