मदत हवी आहे: पत्रिकेतलं लग्न आणि बारा स्थानं नेमकी आली कुठून?

मंडळी, जरा मदत करा. आमच्या आकाशदर्शनाच्या ग्रुपमध्ये पावसाळ्यात आकाश दिसत नाही म्हणून कुणीतरी एखाद्या विषयावर बोलतं, यावेळी माझा नंबर आहे आणि मी हौसेने घेतलाय पाश्चात्त्य ज्योतिषाचा उगम. खरं की खोटं हा वाद इथे नको प्लीज, त्यासाठी ढीगभर धागे आहेत, मला फक्त इतिहास हवाय. (लग्न म्हणजे विवाह नव्हे, जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास; आणि स्थानं म्हणजे तिथून मोजलेली पत्रिकेची बारा घरं.)

आत्तापर्यंत जमवलेलं सांगतो. सगळ्यात जुना थर बॅबिलोनचा, पण तिथे आधी नुसते शकुन होते. 'एनूमा अनु एन्लिल' म्हणून सत्तरेक मातीच्या पाट्यांचा संग्रह आहे, त्यात अमुक महिन्यात ग्रहण लागलं तर राजाचं तमुक होईल असा सगळा मामला, म्हणजे भविष्य राजाचं आणि राज्याचं, तुम्हाआम्हाला कोण विचारतंय. ६३व्या पाटीवर तर शुक्राच्या उदयास्ताच्या २१ वर्षांच्या नोंदी आहेत, बॅबिलोनच्या अम्मिसदुका राजाच्या काळातल्या. मग इ.स.पू. ५व्या शतकात त्यांनी क्रांतिवृत्ताचे, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाचे, ३०-३० अंशांचे बारा सारखे भाग केले आणि राशी झाल्या. गंमत म्हणजे मेषेच्या जागी मेंढा नव्हताच, रोजंदारीवरचा शेतमजूर होता! मकरेतला अर्धा बोकड अर्धा मासा मात्र जसाच्या तसा युरोपपर्यंत गेलाय.

अडलंय ते इथे. सापडलेल्या सगळ्यात जुन्या दोन जन्मपत्रिका इ.स.पू. ४१०च्या आहेत, त्यात मूल जन्मलं तेव्हा चंद्र कुठे, गुरू कुठे एवढंच, लग्न नाही, स्थानं नाहीत. आणि इ.स.च्या २ऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा खगोलज्ञ टॉलेमी लिहितो तेव्हा लग्न, स्वगृह (ग्रहाची स्वतःची रास), उच्च-नीच (ग्रह सर्वात बलवान आणि सर्वात दुबळा मानला जातो त्या राशी), दृष्टी (ग्रहांनी ठरावीक अंतरावरून एकमेकांकडे बघणं) असा सगळा संसार थाटलेला. मधल्या पाचशे वर्षांत हे घातलं कुणी? आणि रवी मेषेतच उच्चीचा आणि शनी तुळेतच, हे कशावरून ठरलं? तीनचार लेख वाचले, सगळे 'प्राचीन परंपरा' म्हणून पुढे सटकतात.

प्रतिसाद १

लग्नासाठी इजिप्तकडे बघा. तिथे ३६ तारकासमूह धरायचे, साधारण दर दहा दिवसांनी पहाटे नवा समूह उगवायचा आणि रात्री कुठला उगवतोय त्यावरून वेळ कळायची. इ.स.पू. २१००च्या आसपासच्या शवपेट्यांच्या झाकणांवर आतून हे तक्ते काढलेले आहेत. आपल्या पत्रिकेतला द्रेष्काण (राशीचा दहा अंशांचा तिसरा भाग) म्हणजे त्याचाच वंशज. अलेक्झांडरने आधी इजिप्त घेतलं, इ.स.पू. ३३१ला बॅबिलोन, मग ग्रीक बोलणाऱ्या मंडळींनी बॅबिलोनच्या राशी आणि इजिप्तचं हे उगवतीचं गणित एकत्र केलं, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला कुठला अंश उगवतोय ते बघायचं, तेच लग्न, आणि तिथून पुढे बारा स्थानं मोजायची. इजिप्तमधल्या डेंडेराच्या देवळातलं गोल छत दाखवा स्लाइडमध्ये, इ.स.पू. ५०च्या सुमाराचं, आता पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये आहे. बारा राशी आणि ३६ समूह एकाच चित्रात, यापेक्षा चांगला पुरावा काय देणार!

प्रतिसाद २

उच्च राशी बॅबिलोनच्याच हो. तिथे प्रत्येक ग्रहाचं एक 'गुप्त घर' असायचं. टॉलेमी कारण देतो की मेषेत सूर्य उत्तरेकडे सरकतो, दिवस मोठा होतो म्हणून तो तिथे उच्च आणि शनी थंड म्हणून समोर तुळेत. वाचायला छान आहे पण मला तरी ही मागाहून चिकटवलेली कारणं वाटतात, यादी आधीपासून होतीच.

आणि राशींना अग्नी, पृथ्वी, वायू, जल लावतात ते बॅबिलोनच्या खात्यात टाकू नका. तीन-तीन राशींचे गट त्यांचे, पण चार तत्त्वं एम्पेडोक्लीस या ग्रीक तत्त्वज्ञाची. तत्त्वं राशींना लावलेली व्हेटियस व्हॅलेन्स या ज्योतिषाकडे दिसतात, तोही २ऱ्या शतकातलाच. टॉलेमी त्याच गटांना वारे आणि दिशा लावतो.

धागालेखक

दोघांनाही मनापासून धन्यवाद, डेंडेरा माझ्या यादीत नव्हतंच. अजून एक विचारतो, चालेल ना? टॉलेमी मेष वसंतसंपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हाच्या सूर्याच्या जागेपासून) मोजतो, बॅबिलोनवाले ताऱ्यांवरून मोजायचे, आपली निरयन पत्रिकाही ताऱ्यांवरूनच, आणि आता दोन्हींत २४ अंशांचा फरक पडलाय. त्यामुळे ग्रुपमध्ये कुणीतरी हमखास "मग माझी खरी रास कुठली" विचारणार. याचं दोन मिनिटांत कळेल असं चित्र कुणाकडे आहे का? परांचन गती (पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो आणि संपात ताऱ्यांमधून सरकतो ती) शब्दांत सांगायला गेलं की अर्धा हॉल मोबाइल काढतो.