शब्दचर्चा: ट्रान्सेंडेंटलिझमला ‘अतींद्रियवाद’ म्हणावं का?

प्रश्न: एमर्सन या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन लेखकाच्या निबंधांवर टिपण लिहितेय. रोमँटिसिझमला ‘स्वच्छंदतावाद’ रुळलाय (कानाला अजून जरा स्वच्छंदी लागतो, पण असो). गाडी अडलीय ती त्याच्या ट्रान्सेंडेंटलिझम या विचारपंथापाशी. ‘अतींद्रियवाद’ लिहिलं तर घरचे विचारतात, प्लँचेटवर लिहितेयस का?

– दोष शब्दाचा नाही, आपल्या गूढकथांचा. गीतेच्या सहाव्या अध्यायात ‘बुद्धिग्राह्यमतीन्द्रियम्’ आलंय: इंद्रियांना न सापडणारं, पण बुद्धीला उमगणारं. एमर्सनही त्याच बाजूचा. मनात जे येतं ते इंद्रियांच्या दारातूनच येतं, हे इंग्रज तत्त्वज्ञ लॉकचं मत; त्याला जर्मन तत्त्वज्ञ कांटनं उत्तर दिलं आणि हे नाव तिथून आलं, असं ‘द ट्रान्सेंडेंटलिस्ट’ या व्याख्यानात तो स्वतःच सांगतो.

– दाखला झकास, पण मराठी वाचक ‘अतींद्रिय’च्या पुढे ‘शक्ती’ आपसूक वाचतो. शिवाय कांटचा ट्रान्सेंडेंटल म्हणजे अनुभवापलीकडचं काही नव्हेच. अनुभव मुळात शक्य व्हावा म्हणून मनाची जी चौकट आधीच लागते, स्थळ, काळ, कार्यकारण, तिच्याबद्दलचं ते बोलणं. एमर्सननं ते पार सैल करून टाकलं: अंतःप्रज्ञेनं कळतं ते सगळं ट्रान्सेंडेंटल! मग ‘अंतःप्रज्ञावाद’ का नको?

प्रश्नकर्ती: तो शब्द इंट्यूशनिझम या दुसऱ्याच वादानं आधीच अडवलाय. आणि त्याच्या ‘ओव्हर-सोल’ या निबंधातल्या ओव्हर-सोलला (सगळ्यांना सामावणारा एकच आत्मा) ‘परमात्मा’ चालेल?

– अजिबात नको. वाचकाला वाटेल, एमर्सननं गीता समोर ठेवून निबंध लिहिला. निबंध १८४१ चा. गीतेतले उतारे त्यानं वाचले होते, पण अख्खं पुस्तक हाती पडलं ते १८४५ मध्ये, आणि तेव्हाच्या पत्रात तो गीतेला चक्क बौद्धांचा ग्रंथ म्हणतो! त्याच्या विचाराला युनिटेरियन चर्च (ट्रिनिटी न मानणारा ख्रिस्ती पंथ), जर्मन तत्त्वज्ञान, इंग्रज कवी कोलरिज अशी बरीच मुळं आहेत. ‘विश्वात्मा’ त्यातल्या त्यात बरा, पण ‘आता विश्वात्मकें देवें’ कानात वाजणारच.

प्रश्नकर्ती: मग ट्रान्सेंडेंटलिझम तसाच ठेवते. पहिल्यांदा येईल तिथे लिहीन: ‘इंद्रियांच्या साक्षीवाचून, आतूनच सत्य कळू शकतं असं मानणारा विचार.’ ‘सेल्फ-रिलायन्स’ या निबंधाला मात्र ‘स्वावलंबन’ ठेवू ना?

– स्वावलंबन म्हटलं की आपल्याला आपलं ताट आपण घासणं आठवतं. त्या निबंधात ताट नाही. चारचौघं काय म्हणतील ते सोडून स्वतःच्या विचारावर भरवसा ठेव, असं आहे. ‘आत्मभरवसा’ करून पाहा, थोडा ओबडधोबड आहे. ‘स्वावलंबन’ एमर्सनचा मित्र, लेखक थोरो याच्यासाठी राखून ठेवा. वॉल्डन तळ्याकाठी त्यानं झोपडी स्वतः उभारली, अडीच एकरांत मुख्यतः घेवडा लावला आणि १८४५ ते १८४७ अशी दोन वर्षं काढली. शिवाय वाचायला गीता होती. ती बौद्धांची नाही, हे तोवर कुणी सांगितलं असेल बहुतेक.