विषय: गृहकर्ज दुसऱ्या बँकेत नेताना भावाची सही

प्रेषक: अण्णा, फोंडा

नमस्कार मंडळी,

कुर्टीला वडिलांच्या जागेत बांधलेल्या घरावर २०१६ साली कर्ज काढलं होतं. अजून साधारण ३० लाख शिल्लक आहेत, उरलेली मुदत १५ वर्षं, दर ९.२५ टक्के. दुसरी बँक ८.२५ला घ्यायला तयार आहे. अट एकच, मस्कतला असलेला माझा धाकटा भाऊ सहकर्जदार हवा. आई-वडील आता नाहीत, आम्ही दोघंच भाऊ. तो फोनवर म्हणाला, "पाठव कागद, करतो सही." त्याची बायको मात्र गप्प झाली, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. बँकेतली मुलगी म्हणते, नुसती फॉर्मॅलिटी आहे.

नाना बँकेच्या कर्जखात्यात होते, आखातातलेही बरेच जण या यादीवर आहेत, म्हणून विचारतोय.

प्रेषक: नाना, म्हापसा

अण्णा,

फॉर्मॅलिटी असती तर बँकेने ती मस्कतहून मागवली नसती.

आधी एवढंच विचारून घ्या: भावाची सही मागितली कोणी? क्रेडिटवाल्यांनी, म्हणजे कर्जदाराची ऐपत तपासणाऱ्यांनी, की बँकेच्या वकिलाने? क्रेडिटवाल्यांनी मागितली असेल तर तुमचं उत्पन्न त्यांना अपुरं वाटतंय. मग कर्जाची रक्कम थोडी कमी करून किंवा तुमच्या पत्नीचं उत्पन्न दाखवून भावाला बाहेर ठेवता येतं. वकिलाने मागितली असेल तर गोष्ट निराळी. तुम्ही लिहिलंय "वडिलांच्या जागेत". एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीत, कोणाचं नाव आहे? इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारसांमधली वाटणी, झाली आहे का? नसेल तर ती जागा तुम्हा दोघा भावांची आहे, आणि आपल्या गोव्यातल्या नवरा-बायकोच्या सामायिक मालमत्तेच्या नियमाने दोघांच्या बायकांचीही. वारशाने आलेलंही त्यात धरतात. म्हणजे भाऊ तुमच्यावर उपकार करत नाहीये, स्वतःची जागा गहाण टाकतोय. भावाच्या बायकोच्या गप्प बसण्यात मला तरी शहाणपण दिसतं. तिच्या सहीशिवाय गहाणखत पुढे सरकणारही नाही. (पहिल्या बँकेने हे कसं सोडलं, हा प्रश्न आहेच. तेव्हा वडील हयात असतील आणि त्यांच्या सहीवर भागलं असेल.)

जामीनदार केलं तर जबाबदारी कमी होते, असं बरेच जण समजतात. १८७२च्या करार कायद्याचं कलम १२८ वाचा. वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँक आधी तुमच्याकडेच येईल, असं कायद्यात कुठे नाही.

पैशांचा हिशेब: दर एक टक्क्याने उतरला तर हप्ता ३०,८७६वरून २९,१०४वर येतो, महिन्याला पावणेअठराशेची बचत. त्यातून नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाची फी आणि गहाणाची स्टॅम्प ड्युटी वजा करा. जुनी बँक दंड लावू शकत नाही. घरासाठी घेतलेल्या वैयक्तिक फ्लोटिंग कर्जावर मुदतीआधी फेडीचा आकार नाही, सहकर्जदार असला तरी नाही. रिझर्व्ह बँकेने २०१९ साली तसं स्पष्ट लिहिलंय.

पण मी तुमच्या जागी असतो तर आधी जुन्याच बँकेत गेलो असतो. तुमचं कर्ज २०१६चं, म्हणजे बहुधा एमसीएलआरवर, बँकेने स्वतःच्या खर्चावरून ठरवलेल्या दरावर. ऑक्टोबर २०१९पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडली जातात. तिकडे वळवून द्या म्हणून अर्ज करा. थोडी फी घेतील, पण नवा वकील नाही, नवं गहाणखत नाही, आणि भावाचा प्रश्नही सध्या उरत नाही.

प्रेषक: दादा, रुवी (मस्कत)

नानांनी कायद्याचं सांगितलं, मी सही करणाऱ्याच्या बाजूचं सांगतो. मावसभावाच्या कर्जाला मी जामीन राहिलो. तो हप्ते अगदी वेळेवर भरतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण पर्वरीला फ्लॅट घ्यायला गेलो तेव्हा ते कर्ज माझ्या सिबिल रिपोर्टमध्ये दिसलं, आणि बँकेने त्याचा हप्ता माझ्या ऐपतीतून वजा धरला. अण्णा, भावाला दोन-चार वर्षांत गोव्यात स्वतःचं काही घ्यायचं असेल तर हे त्याला आत्ताच सांगा.

कुलमुखत्यारपत्र करणार असाल तर ते भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्या, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर स्टॅम्प भरा. आणि त्यात "सर्व व्यवहार" असं मोघम लिहू नका. घर, सर्व्हे नंबर, रक्कम, सगळं नावानिशी असू द्या.

प्रेषक: अण्णा, फोंडा

नाना, सही वकिलानेच मागितली होती. एक-चौदावर अजून वडिलांचंच नाव आहे. २०१६ साली ते होते, तुमचा अंदाज बरोबर.

जुन्या बँकेत अर्ज दिला. रेपोशी जोडून ८.५० टक्के देतायत, फी भरून. ती घेतोय. पाव टक्क्यासाठी भावाच्या घरात वाद नको.

भावाच्या बायकोशी स्वतः बोललो. तिचा प्रश्न एवढाच होता, की उद्या मला काही झालं तर हप्ते कोण भरणार. मी तो विचारच केला नव्हता. कर्जाएवढा टर्म विमा काढतोय.

चवथीला ते दोघं येतायत, तेव्हा स्पेशल नोटरीकडे जाऊन वारस कोण हे नोंदवणारं डीड करून घेऊ, इन्व्हेंटरीचंही विचारू. फोंड्यात ही कामं करणारा वकील कोणाला माहीत असेल तर यादीवर नको, मला खाजगीत कळवा.