आशाताई शेजारी असताना मिश्रीबद्दल खरं कोण सांगणार?

सोलापूरकर_एमपीएच: प्रबंधाचा विषय आहे गरोदर बायकांमधलं मिश्रीचं (दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूच्या पुडीचं) प्रमाण आणि बाळाचं वजन. मागच्या आठवड्यात पायलट, म्हणजे छोटी चाचणी पाहणी केली. आशाताईंसोबत घरोघरी गेले आणि टॅबवरून वाचून विचारलं, "तंबाखूचं सेवन करता का?" जवळजवळ सगळ्या "नाही" म्हणाल्या. एकीने "छे छे" म्हटलं तेव्हा तिच्या तर्जनीचं टोक काळं होतं आणि मोरीच्या कट्ट्यावर डबी उघडीच होती. मी मुकाट्याने "नाही"वर बोट टेकवलं. तेव्हापासून ते "नाही" मला खुपतंय. गाईड म्हणतात, सॅम्पल वाढव. पण अशीच उत्तरं दुप्पट गोळा करून काय मिळणार?

रानवाटा: काहीच मिळणार नाही, तुझं बरोबर आहे. सर्व्हेच्या कामात माझी सतरा वर्षं गेली, म्हणून सांगते. आशाताईंनी घर दाखवावं आणि पुढं जावं. "बाळाला बाधतं, सोड" असं त्यांनीच त्या बाईला दहादा सांगितलेलं असतं. त्यांच्यासमोर ती "लावते" कशी म्हणेल? सासूही नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नवऱ्याच्या मारहाणीचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारतात, आणि एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून देतात. तू निदान एकांत तरी मिळव.

आणि ते "सेवन" काढून टाक. मिश्री लावणारीच्या लेखी ती तंबाखू खातच नाही, दात घासते. मी विचारते, "दात कशानं घासता? दिवसातून किती वेळा?" ती चार वेळा म्हणाली की मग मी हळूच मिश्रीवर येते. भांडी घासता घासता एकजण म्हणाली होती, "सकाळी लावल्याबिगर पोट साफ होत नाही बघा." टॅबकडे बघत विचारलं असतं तर ती हे बोलली नसती.

आकडेमोड: टॅब तिच्याच हातात देऊन प्रश्न हेडफोनवर ऐकवले तर? अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलांच्या 1995 च्या पाहणीत पुरुषाशी शरीरसंबंध आल्याचं कागदी फॉर्मवर 1.5 टक्के मुलांनी सांगितलं, हेडफोनवर 5.5 टक्के.

दुसरा मार्ग नाण्याचा. मूळ कल्पना वॉर्नर या संशोधकाची, 1965 ची. हे तिचं सोपं रूप. तिने लपवून नाणं उडवायचं. छापा आला तर "हो" म्हणायचं, काटा आला तर खरं सांगायचं. 200 जणींत 130 "हो" आले, तर साधारण 100 छाप्याचे. उरलेल्या 100 जणींत 30 खरे, म्हणजे 30 टक्के. पण नेमकी कोण लावते ते कळत नाही, त्यामुळे बाळाच्या वजनाशी थेट सांगड घालता येणार नाही. तुझ्या विषयाला ते परवडणारं नाही.

रानवाटा: हेडफोनचंही जपून. आमच्या एका कामात तो बघायला अख्खी गल्ली गोळा झाली, एकांत गेलाच. आणायचाच असेल तर आधी पाणी, स्वयंपाक असल्या साध्या प्रश्नांवर तिचा हात बसू दे.

सोलापूरकर_एमपीएच: काल तीन घरी एकटीच गेले. परसात बसून "दात कशानं घासता" विचारलं. दुसऱ्या घरातल्या बाईने कमरेची पिशवी सोडून डबी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "खरं सांगा ताई, बाळाला काय होतं का ओ हिनं?" प्रश्नावली अर्धीच झाली होती. मी गप्प बसले. काय करायला हवं होतं?

रानवाटा: "एवढे प्रश्न संपू द्या, मग सगळं सांगते" म्हणायचं, आणि संपल्यावर खरंच सांगायचं. आज जा तिच्याकडे.